रात्रीच्या रक्तातले जंत

हत्तीरोगाच्या तपासणीसाठी रक्त दिवसा घेत नाहीत. हिवताप विभागाचे कर्मचारी रात्री साडेआठनंतर, गावाची जेवणे उरकत आली की, काचपट्ट्या आणि स्पिरिटचा बोळा घेऊन घरोघर फिरतात. अंथरुणाकडे निघालेल्या माणसाच्या बोटाला टोचून रक्ताचा एक जाड ठिपका काचेवर घेतात. लोक कुरकुरतात, आणि त्यांचे चुकते असेही नाही. दिवसभर दवाखाना उघडा असताना या मंडळींना आत्ताच काय सुचले, असे कुणालाही वाटेल. पण त्याच माणसाचे रक्त दुपारी बारा वाजता घेतले तर त्यात बहुधा काहीच सापडत नाही, आणि रात्री बारा वाजता घेतले तर एका ठिपक्यात डझनावारी सूक्ष्म जंत वळवळताना दिसू शकतात.

महाराष्ट्रातल्या हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांच्या सरकारी यादीत धाराशिव जिल्हा आहे, उस्मानाबाद या जुन्या नावाने. शेजारचे लातूर, सोलापूर आणि नांदेडही त्या यादीत आहेत. गडचिरोली-चंद्रपूरसारखे जंगल-तलावांचे जिल्हे किंवा सिंधुदुर्गासारखा पावसात भिजणारा जिल्हा यादीत असणे समजू शकते. बालाघाटच्या डोंगररांगेवरचा, पर्जन्यछायेतला, टँकर आणि छावण्यांच्या बातम्यांनी ओळखला जाणारा धाराशिव तिथे कसा? डासांचा रोग आणि दुष्काळी मुलूख ही जोडी जुळत नाही असे वाटते. ती जुळते, आणि कशी जुळते हे कळले की या रोगाचे अर्धे मर्म कळले.

रोगाचा कर्ता म्हणजे वुचेरेरिया बँक्रॉफ्टी नावाचा जंत. भारतातले जवळजवळ सगळे हत्तीरोगी याच्याच खात्यावर जमा आहेत. त्याचा दुसरा भाऊ ब्रुगिया मलायी मुख्यतः केरळच्या काही भागात आढळतो. वुचेरेरियाची पूर्ण वाढलेली मादी ८ ते १० सेंटिमीटर लांब असते, पण जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याचा तुकडाच जणू. नर तिच्या निम्माही नसतो. ही जोडी माणसाच्या लसीकावाहिन्यांत (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्यांत), बहुतेक वेळा मांडीच्या आणि वृषणाच्या आसपास, गुंता करून राहते आणि ५-७ वर्षे जगते. या काळात मादी रोज हजारो पिले रक्तात सोडत राहते. त्या पिलांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. त्यांची लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास असते आणि अंगावर एक पारदर्शक म्यान असते.

ही पिले माणसाच्या शरीरात कधीच मोठी होत नाहीत. मोठे व्हायचे तर त्यांना डासाच्या पोटात जावेच लागते. डासाने रक्ताबरोबर ती शोषली की ती त्याच्या जठरात म्यान टाकतात, जठराची भिंत भेदतात आणि छातीतल्या, पंख हलवणाऱ्या स्नायूंत जाऊन बसतात. तिथे दोनदा कात टाकून १० ते १४ दिवसांत ती संसर्गक्षम अळ्या होतात आणि डासाच्या सोंडेकडे सरकतात. हिवतापाचा परजीवी डासाच्या अंगात एकाचे हजारो होतो. इथे तसे काही नाही. एक पिलू आत गेले तर फार तर एक अळी बाहेर येते, आणि जास्त पिले आत गेली तर ओझ्याने डासच मरतो. पुढची अडचण आणखी मोठी आहे. डास चावतो तेव्हा अळी सुईतल्या औषधासारखी थेट रक्तात जात नाही. ती सोंडेतून कातडीवर उतरते आणि डासाने केलेले छिद्र स्वतः शोधून आत शिरते. कातडी कोरडी असेल, छिद्र सापडले नाही, तर तिचा प्रवास तिथेच संपतो.

त्यामुळे हा रोग लागणे फार कठीण आहे. रंगूनमधल्या पाहणीवरून हेअरस्टन आणि डी माइलॉन यांनी १९६८ मध्ये हिशेब मांडला तो असा की, एका माणसाच्या रक्तात पिले दिसू लागायला संसर्गक्षम डासांचे सरासरी १५,५०० चावे लागतात. साधे चावे नव्हेत, अळी बाळगणाऱ्या डासांचे. चार दिवसांच्या पाहुण्याला हत्तीरोग होत नाही. त्यासाठी डासांच्या सोबत वर्षानुवर्षे राहावे लागते, आणि तेवढे डास वर्षानुवर्षे पुरवणारी व्यवस्था गावात असावी लागते.

ती व्यवस्था म्हणजे आपले सांडपाणी. हा जंत वाहणारा क्युलेक्स क्विंक्विफॅशिएटस डास पावसावर विसंबून नसतो. डेंग्यूच्या एडिस डासाला घरातल्या रांजणाचे, बॅरलचे स्वच्छ पाणी लागते. क्युलेक्सला घाण पाणी आवडते. तुंबलेले गटार, मोरीचे पाणी साचून झालेले डबके, शौचालयाची फुटकी सेप्टिक टाकी, तिच्या उघड्या व्हेंट पाइपचे तोंड, एवढ्यावर त्याचे भागते. मादी पाण्यावर शे-दोनशे अंड्यांचा तराफा सोडते. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, पण आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी कुठल्याच गावात बंद होत नाही. उलट पाऊस जोराचा झाला तर गटारे धुऊन जातात आणि अळ्या वाहून जातात. पाऊस कमी पडला तर घाण साचून राहते. दुष्काळ या डासाचे फारसे काही बिघडवत नाही.

आपल्या वैद्यांना साचलेल्या पाण्याचा हा संबंध फार पूर्वीच दिसला होता. सुश्रुतसंहितेत या रोगाला श्लीपद म्हटले आहे, आणि जिथे जुने पाणी साठून राहते व बारमाही गारवा असतो अशा प्रदेशांत तो विशेष होतो, असे निरीक्षण तिथे नोंदलेले आहे. डास मात्र मधून गायब आहे. तो सापडायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

तो शोध एकट्याचा नाही. पॅरिसमध्ये देमार्केने १८६३ मध्ये अंडवृद्धीच्या पाण्यात ही पिले पाहिली. ब्राझीलमधल्या बाहियात वुचेररला १८६६ मध्ये ती लघवीत दिसली. कलकत्त्यात टिमोथी लुईसने १८७२ मध्ये ती माणसाच्या रक्तात शोधली, आणि ब्रिस्बेनच्या जोसेफ बँक्रॉफ्टला १८७६ मध्ये प्रौढ जंत सापडला. वुचेरर आणि बँक्रॉफ्ट यांची आडनावे जंताला मिळाली. कलकत्त्याचा लुईस नावाविना राहिला, याचे मला नेहमी वाईट वाटते. पिले रक्तात फिरतात हे त्याने दाखवले नसते तर रक्त पिणाऱ्या किड्याचा संशयच कुणाला आला नसता.

तो संशय आला पॅट्रिक मॅन्सनला. चीनच्या अमॉय बंदरात तो सागरी जकात खात्याचा डॉक्टर होता. १८७७ मध्ये त्याने हिन लो नावाच्या आपल्या माळ्याला, ज्याच्या रक्तात ही पिले होती, डासांच्या खोलीत झोपवले आणि सकाळी रक्ताने टम्म फुगलेले डास चिरून पाहिले. पिले डासाच्या पोटात मेली नव्हती, वाढत होती. माणसाच्या रोगाचा परजीवी किड्याच्या अंगात वाढतो, हे तोवर कुणीही दाखवलेले नव्हते. पुढचा अर्धा भाग मॅन्सनने चुकवला. डास अंडी घालून पाण्यात मरतात, ते पाणी माणूस पितो आणि जंत पोटात जातात, असा त्याचा तर्क होता. अळी सोंडेतून बाहेर पडते हे १९०० मध्ये जॉर्ज लो याने लंडनमध्ये दाखवले, आणि त्याच वर्षी इकडे त्रावणकोरात सिडनी जेम्सलाही तेच आढळले. मधल्या काळात मॅन्सनने आपला डासांचा ध्यास रोनाल्ड रॉसला लावला होता. रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा त्याच निजामी राज्याचा भाग होता.

रात्रीचे गूढही मॅन्सननेच उकलायला घेतले. रक्त तपासायला त्याने मदतनीस शिकवून ठेवले होते. दिवसा तपासणाऱ्याच्या काचांवर पिले क्वचित दिसत आणि रात्री तपासणाऱ्याच्या काचा भरलेल्या असत. मॅन्सनने दिवसरात्र ठरावीक अंतराने रक्त घ्यायला लावले, तेव्हा चढउताराची रेषा स्वच्छ दिसली. संध्याकाळी पिले रक्तात येऊ लागतात, रात्री १० ते २ या वेळेत कळस गाठतात आणि पहाटे नाहीशी होतात. हे लंडनला कळले तेव्हा, या जंतांकडे घड्याळे आहेत का, असा प्रश्न थट्टेने विचारला गेला, असे सांगतात.

दिवसा ती जातात कुठे, याचे उत्तर मॅन्सनला बऱ्याच वर्षांनी, सकाळच्या वेळी मरण पावलेल्या एका रुग्णाच्या शवविच्छेदनात मिळाले. फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या पिलांनी खचाखच भरलेल्या होत्या. तोवर लंडनमध्ये स्टीफन मॅकेन्झीने आणखी एक प्रयोग केला होता. १८८१ मध्ये त्याने एका रुग्णाला दिवसा झोपवले आणि रात्री जागे ठेवले. काही दिवसांत पिलांनीही वेळ बदलली आणि ती दिवसा रक्तात येऊ लागली. म्हणजे त्यांना सूर्य कळत नाही, आपल्या यजमानाची झोप कळते. ती कशी कळते, यावर विसाव्या शतकात फ्रँक हॉकिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञाने अनेक वर्षे काम केले. रात्री रुग्णाला प्राणवायू हुंगवला तर पिले हातापायांतल्या रक्तातून घटतात आणि फुप्फुसात परततात, हे त्याने दाखवले. जागेपणी आणि झोपेत फुप्फुसातल्या प्राणवायूत पडणारा फरक ती ओळखत असावीत, असे त्यावरून मानले जाते. हा फ्रँक म्हणजे कृष्णविवरांवाल्या स्टीफन हॉकिंगचा बाप. मुलाने विश्वाच्या काळाचा विचार केला, बापाने एका जंताच्या.

या सगळ्या खटाटोपाचा अर्थ सरळ आहे. क्युलेक्स मध्यरात्रीच्या सुमारास चावतो, म्हणून पिले त्या वेळी कातडीखालच्या रक्तात हजर असतात. पॅसिफिक महासागरातल्या काही बेटांवर हाच रोग दिवसा चावणारे एडिस डास पसरवतात, आणि तिथल्या वुचेरेरियाची पिले दिवसाही रक्तात फिरतात. जात तीच, पण वेळ त्या त्या जागच्या डासाची.

निदानाची सगळी रीत याच वेळापत्रकाभोवती उभी राहिली. रात्रीच्या काचपट्टीवर २० घनमिलिमीटर रक्त पसरतात. वाळल्यावर त्यातला लाल रंग पाण्याने काढून टाकतात आणि जसवंत सिंग व भट्टाचारजी या भारतीय संशोधकांच्या नावाच्या रंगाने पट्टी रंगवतात, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली निळसर जांभळी पिले उठून दिसतात. हत्तीरोगाच्या रात्र चिकित्सालयांची कल्पना यातूनच आली. रात्र टाळायचे उपायही निघाले. डायइथाइलकार्बामाझिन, म्हणजे डीईसी, या औषधाची छोटी मात्रा दिवसा दिली तर पिले थोड्या वेळासाठी बाहेर येतात आणि तपासता येतात. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पिले न शोधता जंताने रक्तात सोडलेली प्रथिने ओळखण्याच्या चाचण्यांवर दीर्घ काळ काम केले. आता त्याच तत्त्वावरची एक पट्टी मिळते. बोटातून काढलेल्या रक्ताचे काही थेंब त्यावर टाकले की १० मिनिटांत प्रौढ जंताचा माग लागतो, मग वेळ दिवसाची असो की रात्रीची. सोनोग्राफीत तर जंत प्रत्यक्ष दिसतो. वृषणाजवळच्या लसीकावाहिनीत तो अखंड वळवळताना पडद्यावर दिसतो, आणि ब्राझीलच्या रेसिफे शहरातल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात त्या हालचालीला जंताचा नाच असे नाव दिले.

तरी या सगळ्या चाचण्यांना चकवणारा एक रुग्ण आहे, आणि तो म्हणजे ज्याचा पाय सुजला आहे तोच. हत्तीपाय झालेल्या माणसाच्या रक्तात बहुतेक वेळा पिले सापडत नाहीत. त्याचे जंत केव्हाच मेलेले असतात, त्यांनी बिघडवलेल्या वाहिन्या मात्र तशाच राहतात. उलट ज्याच्या रक्तात पिले गजबजली आहेत तो धडधाकट असतो, शेतात राबतो, आणि आपण रोग वाहतो आहोत याचा त्याला पत्ताही नसतो. लोक सुजलेल्या पायापासून चार हात लांब बसतात. डासाच्या दृष्टीने धोका शेजारच्या निरोग्याकडे आहे.

म्हणून पायाचे निदान डॉक्टर डोळ्यांनी आणि बोटांनी करतात. सूज सुरुवातीला रात्री झोपल्यावर उतरते, पुढे उतरेनाशी होते. बोटाने दाबल्यावर खड्डा पडणे बंद होते. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून पाहतात. ती उचलली गेली नाही तर लसीकेची सूज पक्की समजतात. हृदय, मूत्रपिंड किंवा शिरांच्या आजाराने आलेली सूज बहुधा वेगळी वागते, आणि ती शक्यता तपासून बाजूला सारावी लागते. पुढच्या टप्प्यात कातडी जाड होते, तिच्यात खोल घड्या पडतात, गाठी उठतात, शेवाळासारखे बारीक कोंब येतात. जंत लसीकावाहिन्यांत राहिला, पण भोग कातडीच्या वाट्याला आला.

आणि हा भोग एकट्या जंताचा नसतो. लसीका तुंबली की कातडीची जिवाणूंशी झुंजण्याची ताकद जाते. बोटांच्या बेचक्यांतली बुरशी, चप्पल लागून झालेली जखम, टाचेची भेग यांतून जिवाणू आत शिरतात. मग हुडहुडी भरून ताप येतो, पाय लालबुंद आणि गरम होतो, जांघेत गाठ येते. असा प्रत्येक झटका कातडी आणखी जाड करून जातो. हत्तीपायाला त्याचे पूर्ण रूप देणारे हे झटके आहेत, आणि ते टाळता येतात, ही या रोगातली सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे, असे मला वाटते.

औषधांची कहाणी मात्र पुष्कळ सांगितली गेली आहे. डीईसीचा गुण १९४७ मध्ये कळला. त्याचे एक नवल आजही पूर्ण सुटलेले नाही. काचेच्या बशीतल्या पिलांवर हे औषध टाकले तर त्यांना फारसे काही होत नाही, पण रुग्णाला गोळी दिली की थोड्याच वेळात ती रक्तातून नाहीशी होऊ लागतात. शरीराच्या प्रतिकारशक्तीला हाताशी धरून ते काम करते. पिले मोठ्या संख्येने मरतात तेव्हा ताप, डोकेदुखी, मळमळ होते. औषधवाटपाच्या मोहिमेत गोळी घेऊन आजारी पडलेल्या माणसाला वाटते की औषध बाधले, आणि पुढच्या वर्षी सगळी गल्ली गोळी नाकारते. खरे तर असा ताप बहुधा त्यालाच येतो ज्याच्या रक्तात पिले असतात.

भारताचा राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला. २००४ पासून, तपासणी करत न बसता, रोगप्रवण जिल्ह्यातल्या सगळ्या पात्र लोकांना वर्षातून एकदा डीईसी आणि पुढे त्याच्या जोडीला अल्बेंडाझोल देण्याची सामुदायिक मोहीम आली. दोन वर्षांखालची मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी माणसे तेवढी वगळतात. आशा आणि आरोग्य सेवक दारात उभे राहून समोरच गोळी गिळायला लावतात, कारण हातात दिलेली गोळी बऱ्याचदा फडताळात जाते. २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषध जोडले गेले. या औषधाचे मूळ जपानमधल्या इतो गावाजवळच्या मातीतल्या एका जिवाणूत आहे. त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले. गेल्या काही वर्षांत राज्यातल्या औषधफेऱ्यांचा भर पूर्व विदर्भावर राहिला आहे.

जिल्ह्यातली लागण थांबली की नाही हे ठरवायला ६-७ वर्षांच्या मुलांचे रक्त पट्टीवर तपासतात. औषधफेऱ्या सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांत जंताचा माग लागला नाही, तर तिथल्या डासांना आता वाहायला काही मिळत नाही, असा निष्कर्ष निघतो. पण डास तिथेच असतात. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले आणि उघडी गटारेच संपवली. तोच मार्ग मराठवाड्यात सगळीकडे चालण्याजोगा आहे, आणि त्यात मुरलेले पाणी विहिरींच्या कामी येते ते वेगळेच. व्हेंट पाइपच्या तोंडाला जुन्या साडीचा किंवा नायलॉनचा तुकडा बांधणे तर जवळपास फुकट आहे.

गोळ्यांनी सुजलेला पाय उतरत नाही. त्यासाठी रेसिफेच्या डॉ. जेरुझा ड्रायर यांनी रूढ केलेली रीत आज जगभर वापरतात. दिवसातून निदान एकदा, जमल्यास दोनदा, पाय साध्या साबणाने आणि साध्या पाण्याने धुवायचा, प्रत्येक घडी आणि प्रत्येक बेचके हाताने साफ करायचे, घासायचे नाही. मग मऊ फडक्याने टिपून पूर्ण कोरडा करायचा, बुरशी असेल तिथे मलम लावायचे, रात्री पाय उशीवर उंच ठेवायचा, टाच वर-खाली करण्याचा व्यायाम करायचा, आणि पायात बसेल अशी मोकळी चप्पल वापरायची. केरळात कासरगोडच्या उपयोजित त्वचाविज्ञान संस्थेत डॉ. एस. आर. नरहरी यांनी धुण्याच्या या शिस्तीला आयुर्वेद, योगासने आणि दाबपट्ट्यांची जोड देऊन मोठे पाय लक्षणीय कमी करून दाखवले आहेत. अंडवृद्धीचे काम याहून सोपे आहे. त्यावर शस्त्रक्रिया हा पक्का इलाज आहे आणि ती सरकारी रुग्णालयात होते. लाजेपायी माणसे वीस-वीस वर्षे धोतराआड ते ओझे वागवतात, ही गोष्ट निराळी.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात अडते ते पाण्यापाशी. डासाला लागते ते घाण पाणी इथे बारा महिने मिळते. पायाला लागणारे स्वच्छ पाणी मे महिन्यात टँकरने येते, आणि रांगेत लावलेल्या घागरींत आजीच्या पायाच्या बादलीचा नंबर शेवटी लागतो. हत्तीरोग्यांना टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असलेला संच देण्याची योजना आहे. त्या टबात रोज ओतायचे चार-पाच लिटर पाणी घराने द्यायचे असते. तेही धुऊन झाल्यावर मोरीतून गटारात न सोडता शोषखड्ड्यात किंवा परसातल्या झाडाला गेले पाहिजे. नवी लागण ज्या गावांत थांबली आहे तिथेही जुने रुग्ण आणखी कित्येक वर्षे असणार आहेत, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या यादीत त्यांची नावे तोवर ठेवावी लागतील.